आग विझवणे कोणाचे काम? लंडनच्या पगारी अग्निशमन दलाची कहाणी

१/२०
२२ जून १८६१, शनिवारची संध्याकाळ. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर एका जळत्या गोदामाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली जेम्स ब्रेडवुड गाडले गेले. लंडनमधील आगी विझवणाऱ्या दलाचे ते प्रमुख होते. मात्र त्यांचे वेतन लंडन शहर देत नव्हते आणि सरकारही देत नव्हते. जगातील सर्वांत धनाढ्य राजधानीची आग विझवण्याचे काम त्या दिवशी विमा कंपन्यांच्या नोकरांकडे होते. ही व्यवस्था कशी उभी राहिली, का मोडली आणि तिच्या जागी जनतेच्या पैशावर चालणारे दल कसे आले, याविषयीचा हा धागा.

२/२०
प्रारंभ १६६६ पासून करावा लागतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लागलेल्या महाआगीने चार-पाच दिवसांत लंडनमधील सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च भस्मसात केली. आग विझवण्यासाठी शहराकडे चामड्याच्या बादल्या, पिचकाऱ्या आणि घरे ओढून पाडण्याचे लांब आकडे एवढेच साहित्य होते. या आगीतून अग्निशमन दल निर्माण झाले नाही. निर्माण झाला तो आगीचा विमा. १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन या गृहस्थाने घरांचा विमा उतरवणारे कार्यालय थाटले आणि पाठोपाठ अनेक कंपन्या उदयास आल्या.

३/२०
विमा कंपनीचा हिशेब सरळ होता. घर पूर्ण जळाले तर पूर्ण भरपाई द्यावी लागणार, अर्धे वाचले तर अर्धीच. तेव्हा आग विझवण्यासाठी माणसे ठेवणे भरपाईपेक्षा स्वस्त पडते. कंपन्यांनी थेम्सवरचे नावाडी हाताशी धरले. त्यांचा मूळ धंदा होडी चालवण्याचा. आगीची हाक आली की कंपनीचा रंगीत गणवेश चढवून धावायचे. या नावाड्यांना आणखी एक आकर्षण होते. विमा कंपनीच्या यादीत नाव असलेल्या ठरावीक माणसांना नौदलातील सक्तीच्या भरतीतून कायद्याने सूट मिळत असे.

४/२०
विमा उतरवलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर कंपनी आपले धातूचे चिन्ह ठोकत असे. एका कंपनीचा सूर्य, दुसरीचा फिनिक्स पक्षी. यावरून एक कथा प्रसृत झाली. ज्या घरावर चिन्ह नसे, ते घर ही माणसे खुशाल जळू देत, अशी ती कथा. ऐकायला चटकदार असली तरी ती हिशेबाला उतरत नाही. विमा नसलेल्या घराची आग शेजारच्या विमा असलेल्या घरात शिरायला कितीसा वेळ लागणार? दाटीवाटीच्या शहरात परक्याचे घर विझवणे हाच आपले घर वाचवण्याचा मार्ग होता. आगीला भिंतीवरचे चिन्ह वाचता येत नाही.

५/२०
मग सरकारने काय केले? १७०७-०८ च्या सुमारास कायदा करून प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार आखलेल्या विभागावर, आगीचा बंब बाळगण्याची सक्ती केली. घटनास्थळी पहिल्या पोहोचणाऱ्या बंबाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० असे बक्षीस ठेवले. परिणाम असा झाला की पोहोचण्याची शर्यत लागली, विझवण्याची नव्हे. बंब गंजलेला असो वा नळी फाटलेली असो, तो वेळेत ओढत आणला की बक्षीस मिळे. कायदा होता, यंत्रे होती. जबाबदार माणूस मात्र कोणीच नव्हता.

६/२०
या गोंधळाला पहिले उत्तर लंडनमध्ये नव्हे, एडिंबरामध्ये मिळाले. १८२४ साली तेथील नगरपालिका आणि विमा कंपन्या यांनी मिळून एक दल उभारले आणि त्याचे प्रमुखपद ब्रेडवुड यांना दिले. त्यांचे वय होते अवघे २४. वडिलांच्या बांधकाम व्यवसायात ते वाढले होते. भिंत कशावर उभी असते आणि कशाने पडते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दलात गवंडी, सुतार, छप्पर शाकारणारे, नळकाम करणारे असे कारागीर निवडले. ही माणसे पूर्णवेळ नोकर नव्हती. परंतु त्यांना नियमित कवायत होती आणि आज्ञा देणारा एकच प्रमुख होता.

७/२०
नेमणुकीनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १८२४ मध्ये, एडिंबराच्या जुन्या वस्तीत भीषण आग भडकली. ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि शेकडो कुटुंबे बेघर झाली. नवख्या दलाला ती आवरता आली नाही. घटनास्थळी नगरातले मान्यवर, न्यायाधीश, पोलीस असा प्रत्येक जण आज्ञा देत होता. त्यांतली कोणती पाळायची, हे बंबवाल्यांना कळेना. या अपयशातून एक धडा मिळाला. आगीच्या जागी हुकूम एकाचाच चालला पाहिजे, मग इतरांचा मानमरातब कितीही मोठा असो.

८/२०
ब्रेडवुड यांनी १८३० साली आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्यांच्या पद्धतीचे सार थोडक्यात असे. रस्त्यात उभे राहून धुरावर पाणी मारणे व्यर्थ आहे. इमारतीत शिरून आगीच्या मुळाशी पाणी पोहोचले पाहिजे. आत कोणी एकटे जायचे नाही, सोबतीला दुसरा माणूस हवाच. धुरात जमिनीलगत हवा बरी असते, म्हणून वाकून, रांगत पुढे सरकायचे. आज ही तत्त्वे सर्वपरिचित वाटतात. त्या काळी मात्र, आग विझवणे ही हिंमत आणि आरडाओरड यांची बाब नसून शिकण्याची विद्या आहे, हा विचारच नवा होता.

९/२०
१ जानेवारी १८३३ रोजी लंडनमधील दहा विमा कंपन्यांनी आपापल्या टोळ्या एकत्र करून ‘लंडन फायर इंजिन एस्टॅब्लिशमेंट’ स्थापन केली आणि ब्रेडवुड यांना एडिंबराहून बोलावले. या दलात ८० पूर्णवेळ, पगारी माणसे होती. लंडनमध्ये ब्रेडवुड यांनी कारागिरांऐवजी खलाशी पसंत केले. रात्री-अपरात्री उठण्याची सवय, उंचावर चढण्याचा सराव आणि आज्ञा ऐकताच हात चालवण्याची शिस्त हे गुण जहाजावर आपोआप अंगी बाणतात. दल पगारी झाले, शिस्तबद्ध झाले. पण त्याचा मालक खासगीच राहिला.

१०/२०
पुढच्याच वर्षी त्याची कसोटी लागली. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी संसद भवन पेटले. हिशेबासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या निकामी झाल्या होत्या. त्या तळघरातील भट्ट्यांत जाळताना ही आग लागली. दोन्ही सभागृहे गेली. मध्ययुगीन वेस्टमिन्स्टर हॉल मात्र प्रयत्नांची शर्थ करून वाचवण्यात आला. ज्या राज्यकर्त्यांनी राजधानीसाठी सरकारी अग्निशमन दल उभारले नव्हते, त्यांची संसद विझवायला विमा कंपन्यांचे नोकर धावले. एवढे होऊनही सरकारने ही जबाबदारी आपल्याकडे घेतली नाही. काम तर होत होते. मग खर्च कशाला करायचा?

११/२०
त्या काळचा बंब कसा चालत असे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा भाग उलगडत नाही. बंब म्हणजे चाकांवरचा हातपंप. दोन्ही बाजूंना लांब दांडे आणि ते वर-खाली करायला माणसांच्या रांगा. एवढी माणसे पगारावर ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून रस्त्यावरची गर्दीच कामाला लावत. पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढच्या प्रत्येक तासाला सहा पेन्स आणि वर बिअर. बिअर संपली की दांडे थांबत आणि ‘बिअर! बिअर!’ असा घोष सुरू होई. पाण्याचीही तीच तऱ्हा. नळ खासगी पाणी कंपन्यांचे, पुरवठा ठरावीक वेळेचा; आग लागल्यावर आधी पाणी सोडणाऱ्या माणसाला शोधून आणावे लागे.

१२/२०
आता या कहाणीतला सर्वांत बोचरा तपशील. विमा कंपन्यांच्या दलाचे मुख्य काम मालमत्ता वाचवणे हे होते. माणसांचे काय? त्यासाठी निराळी संस्था होती: ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ लाइफ फ्रॉम फायर’. १८३६ मध्ये स्थापन झालेली आणि १८४३ मध्ये नव्याने उभी केलेली ही संस्था देणग्यांवर चालत असे. तिच्या चाकांच्या उंच शिड्या रात्रीच्या वेळी चौकाचौकांत उभ्या असत आणि प्रत्येक शिडीपाशी एक रखवालदार असे. ब्रेडवुड यांची माणसे जीवही वाचवत, यात शंका नाही. पण व्यवस्थेची विभागणी काय सांगते? गोदामातल्या मालासाठी पगारी दल आणि वरच्या मजल्यावर अडकलेल्या मुलासाठी धर्मादाय शिडी.

१३/२०
यात कोणी खलनायक नव्हता. विमा कंपनीने माणसांच्या जिवाचा विमा घेतला नव्हता, घराचा घेतला होता. जो पैसा देतो त्याचे हित, ते नोकराचे कर्तव्य. सरकारला वाटे की कंपन्या आहेत. पॅरिशला वाटे की आपला बंब आहे, कायदा पाळला गेला आहे. विमा न उतरवणाऱ्या घरमालकाला वाटे की शेजाऱ्याचा विमा आहे, म्हणजे बंब येणारच. प्रत्येकाला संरक्षण मिळत होते आणि प्रत्येकाला त्याचे मोल दुसऱ्याने द्यावे असे वाटत होते. तीस वर्षे ही व्यवस्था टिकली, कारण तिचा खरा खर्च कोणाच्या नजरेस पडला नव्हता.

१४/२०
तो पडला २२ जून १८६१ ला. टूली स्ट्रीटवरील कॉटन्स व्हार्फ या धक्क्यावरच्या गोदामात दुपारी आग लागली. आत कापूस, ताग, अंबाडी, साखर, तांदूळ, चहा आणि चरबीची पिंपे होती. साम्राज्याच्या चहूकडून येणारा माल याच धक्क्यांवर उतरत असे. गोदामांच्या मधले लोखंडी दरवाजे बंद असते तर आग कदाचित एका भागात कोंडली गेली असती; ते उघडे होते. वितळलेली चरबी नदीवर वाहत गेली आणि पाण्यावरच ज्वाळा पसरल्या. लंडन ब्रिजवर बघ्यांची अलोट गर्दी लोटली. अशा अवाढव्य गोदामांना आग लागली तर ती कोणत्याही दलाच्या आवाक्यात राहणार नाही, असा इशारा ब्रेडवुड यांनी कित्येक वर्षे आधी दिलेला होता.

१५/२०
संध्याकाळी साडेसातच्या सुमारास दमलेल्या माणसांना ब्रँडीचा घोट वाटत ब्रेडवुड पुढे सरकत होते. तेवढ्यात भिंत कोसळली. ढिगारा इतका तप्त होता की त्यांचा मृतदेह बाहेर काढायला दोन दिवस लागले. अंत्ययात्रेला दीड मैल लांबीची रांग होती आणि शहरातील व्यवहार थांबले होते. आग पूर्ण विझायला दोन आठवडे गेले. नुकसानीचा अंदाज २० लाख पौंडांच्या घरात होता. भिंतींखालून माणूस काढण्याचे काम संपले आणि हिशेबाच्या वह्या उघडल्या.

१६/२०
विमा कंपन्यांनी धक्क्यांवरील गोदामांचे हप्ते भरमसाट वाढवले. व्यापारी खवळले. १८६२ मध्ये कंपन्यांनी सरकारला स्पष्ट कळवले की सबंध लंडनच्या अग्निशमनाचा भार यापुढे आम्ही वाहू शकत नाही. तेव्हा कुठे कॉमन्स सभागृहाने चौकशी समिती नेमली. राजधानीचा जीव आणि मालमत्ता सांभाळणारे दल सार्वजनिक असावे, हे पटायला सरकारला ना १६६६ ची राख पुरली, ना स्वतःची जळालेली संसद. विमा कंपन्यांनी हात वर केल्यावर मात्र दुसरा मार्गच उरला नाही.

१७/२०
१८६५ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ पासून ‘मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड’ अस्तित्वात आली. लंडनची भुयारी गटारे बांधणारे मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स तिचे मालक झाले. खर्चाची वाटणी तिघांत झाली. घरपट्टीच्या मूल्यांकनातील प्रत्येक पौंडामागे अर्धा पेनी करदात्यांकडून. उतरवलेल्या विम्याच्या दर दहा लाख पौंडांमागे ३५ पौंड कंपन्यांकडून. आणि वर्षाला १०,००० पौंड सरकारकडून. पौंडाचे २४० पेन्स होत. म्हणजे करदात्याचा वाटा ४८० व्या हिश्शाइतका. कायद्याने दलाच्या प्रमुखाला घर पाडण्याचा, रस्ता बंद करण्याचा आणि इतर भागांचे पाणी तोडून आगीकडे वळवण्याचा अधिकार दिला. आगीच्या जागी एकाचाच हुकूम, हा एडिंबराचा धडा आता कायद्यात आला.

१८/२०
परंतु माझ्या मते या कायद्यातील सर्वांत मोलाचे शब्द कर्तव्याच्या व्याख्येत आहेत: आगी विझवणे आणि आगीच्या प्रसंगी ‘जीवित व मालमत्ता’ यांचे रक्षण करणे. जीवित आधी, मालमत्ता नंतर. हा केवळ शब्दक्रम नव्हता. १८६७ मध्ये धर्मादाय संस्थेच्या शिड्या आणि त्यांची माणसे नव्या दलात सामील करून घेण्यात आली. मालासाठी एक व्यवस्था आणि माणसासाठी दुसरी, हा भेद संपला. नवे प्रमुख एअर मॅसी शॉ यांनी ठाणी तारयंत्राने जोडली आणि वाफेच्या बंबांवर भर दिला. वाफ आली तशी दांडे मारणारी गर्दी आणि तिची बिअर, दोन्ही इतिहासजमा होऊ लागली. मात्र अर्ध्या पेनीची मर्यादा वाढत्या लंडनला अपुरी पडे, आणि शॉ यांना पैशासाठी सतत भांडावे लागले.

१९/२०
इतर शहरांनी वेगळ्या वाटा चोखाळल्या. पॅरिसमध्ये १८१० साली ऑस्ट्रियन राजदूताच्या नृत्यसमारंभात आग लागून माणसे दगावली, तेव्हा नेपोलियनने हे काम सरळ लष्करी तुकडीकडे सोपवले. अमेरिकेतील सिनसिनाटीत हौशी बंबवाल्यांच्या टोळ्या आग सोडून आपसांतच मारामाऱ्या करत. त्यांना कंटाळून नगरपालिकेने १८५३ मध्ये वाफेचा बंब आणि पगारी दल एकाच वेळी स्वीकारले. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये तोच मार्ग धरला. प्रेरणा निरनिराळ्या, प्रश्न एकच: आग लागल्यावर उत्तर कोणी द्यायचे?

२०/२०
आणि आपली मुंबई? फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटातील आगीने शहराचा मोठा भाग गिळला होता. तरी नियमित अग्निशमन दल उभे राहायला १ एप्रिल १८८७ उजाडला. त्याआधी हे काम पोलिसांकडे असे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने अग्निशमन दल राखणे आणि आगीच्या प्रसंगी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. लंडनमध्ये १८६५ साली ठरलेला क्रम इथेही तोच. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. ‘बंब’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला, दलाचा साचा इंग्रजांकडून. पण आगीत सापडलेल्या माणसाला ‘तुमचा विमा आहे का?’ असे न विचारता शिडी लावली जाते, हा हक्क कोणा एकाची देणगी नाही. आपल्या घरपट्टीतील एक लहानसा वाटा त्यासाठीच जातो.

धागा समाप्त.